सेंद्रिय वराहपालनात डुकरांना जंत जास्त का होतात?

बाहेर मोकळं फिरत असल्यानं धोका जास्त असतो हे खरं, पण म्हणून डुकरं कायम कोंडून ठेवणं हे उत्तर नव्हे. डेन्मार्कसारख्या देशांत सेंद्रिय डुकरांना बाहेर मोकळीक आणि आत पेंढ्याचं अंथरूण द्यावंच लागतं. खरी अडचण मातीत आहे. मोठ्या गोलकृमीची (डुकराच्या आतड्यातला लांब, गोल जंत) एक मादी दिवसाला लाखो अंडी घालते. अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की ती जमिनीत अनेक वर्षं तग धरतात, नेहमीची जंतुनाशकंही त्यांना पुरत नाहीत. चाबूककृमी या आतड्यातल्याच दुसऱ्या जंताचंही तसंच. त्यामुळे एक-दोन वर्षांनी कुरण बदललं तरी संसर्ग पूर्ण थांबत नाही. त्याच कुरणात डुकरं परत सोडण्याआधीचा खंड जितका लांब, तितकं बरं.

माझ्या मते सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे गोठ्यातलं ओलं अंथरूण. ते वेळेवर काढा, जागा कोरडी होऊ द्या. खत नीट तापवून कुजवा. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिलं की अंडी मरतात. कच्चं खत डुकरांच्याच कुरणात टाकू नका, कृपा करून!

युरोपीय सेंद्रिय नियमांत प्रतिबंध म्हणून सरसकट जंतनाशक देता येत नाही, गरज असेल तर उपचार चालतात. म्हणून विष्ठा तपासून घ्या. कत्तलीनंतर यकृतावर पांढरे डाग दिसले, तर ती गोलकृमीच्या अळ्यांची खूण समजा.