दोन दांड्यांमधून निसटलेला चेंडू : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या १७७५ च्या क्रिकेट हंगामावर एक टिपण होतं. मधल्या यष्टीची गोष्ट त्यात दोन ओळींत उरकली होती, आणि पत्रं नेमकी त्यावरच आली. काही पत्रं फार व्यवहारी आहेत, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

चिपळूणहून एक वाचक : १७७५ पर्यंत दोनच स्टंप होते, तर मग नेमकं काय घडलं की तिसरा आणावा लागला?

२२ आणि २३ मे १७७५ रोजी लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर केंटचे पाच विरुद्ध हॅम्पशायरमधल्या हॅम्बल्डन गावाचे पाच असा सामना झाला. तो ‘सिंगल विकेट’ प्रकारचा, म्हणजे एका वेळी एकच फलंदाज. हॅम्बल्डनचा जॉन स्मॉल शेवटी उतरला तेव्हा जिंकायला १४ धावा हव्या होत्या. गोलंदाज होता ‘लंपी’ स्टीव्हन्स, टँकरव्हिलच्या अर्लचा माळी आणि त्या काळातला सर्वांत अचूक हात. लंपीने स्मॉलला तीनदा साफ चकवलं. तिन्ही वेळा चेंडू दोन दांड्यांच्या मधून आरपार गेला आणि त्यांच्यावरची आडवी काडी, म्हणजे बेल, जागची हलली नाही, म्हणून स्मॉल नाबाद. त्याने त्या १४ धावा काढून सामना जिंकला.

हिशेब मांडला की लंपीचं दुर्दैव स्पष्ट दिसतं. १७४४ च्या नियमांनुसार यष्टीची उंची २२ इंच (५६ सेंटिमीटर) आणि वर ठेवायची एकच बेल ६ इंच (१५ सेंटिमीटर). दांडी एक इंच जाड धरली तर आतली मोकळी जागा उरते ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर. आजच्या चेंडूचा व्यास ७.२ सेंटिमीटरच्या आसपास असतो. तेव्हाचाही त्याहून फार वेगळा नव्हता असं धरलं, तर दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ तीन सेंटिमीटर मोकळे. सरळ आणि अचूक टाकणाऱ्यालाच त्याचा फटका बसायचा, कारण वाकडा चेंडू निदान एखाद्या दांडीला तरी लागायचा. या सामन्यानंतर मधली यष्टी आली. ती सगळीकडे एका दिवसात रुजली नाही, हळूहळू रुळत गेली.

जाता जाता, आपला ‘त्रिफळा’ हा शब्द त्या आधीच्या क्रिकेटला लागूच पडत नाही. तोवर उडायचा तो द्विफळा.

हंगामातली दुसरी मोठी गोष्टही स्मॉलचीच. जुलैमध्ये ब्रॉडहाफपेनी डाउन या मैदानावर हॅम्पशायरकडून सरेविरुद्ध त्याने १३६ धावा केल्या. मोठ्या सामन्यातलं नोंद टिकून राहिलेलं हे पहिलं शतक. (त्याआधी १७६९ मध्ये जॉन मिन्शलच्या १०७ धावांची नोंद आहे, पण तो सामना त्या तोलाचा मानत नाहीत.) आणि काळाचा अंदाज यावा म्हणून एवढंच, की आर्टिलरी ग्राउंडवरच्या सामन्याच्या चारच दिवस आधी, १८ मे १७७५ ला, गुजरातेत अडासला राघोबादादा आणि इंग्रज एका बाजूला व पुण्याची फौज दुसऱ्या बाजूला अशी लढाई झाली होती.

अलिबागजवळच्या एका मंडळाचे खेळाडू : आम्ही अंडरआर्म स्पर्धा खेळतो. म्हणजे आम्ही अठराव्या शतकातलंच क्रिकेट खेळतो का?

हात तोच, खेळ वेगळा. अठराव्या शतकात सगळीच गोलंदाजी खालून होती. पण सुरुवातीला चेंडू जमिनीलगत सरपटत यायचा, म्हणून बॅट हॉकीच्या काठीसारखी खाली वळलेली असायची. १७६० च्या दशकाच्या आसपास गोलंदाज टप्पा टाकू लागले. उसळणाऱ्या चेंडूला वाकड्या बॅटने आडवा झाडू मारून चालेना, आणि बॅट सरळ झाली. सरळ बॅटने बचाव करायच्या तंत्राचं श्रेय बरेचदा याच स्मॉलला देतात. तो स्वतः बॅट आणि चेंडू बनवायचा, तेव्हा ते पटतंही.

तुमच्याकडे सीमारेषा आहे आणि षटकं ठरलेली. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. प्रत्येक धाव पळूनच काढायची आणि डाव सगळे बाद होईपर्यंत चालायचा. षटक चार चेंडूंचं. हात खांद्यापर्यंत उचलायला अधिकृत परवानगी १८३५ मध्ये मिळाली, डोक्यावरून टाकायला १८६४ मध्ये. आजच्या नियमांत अंडरआर्म चालत नाही, सामन्याआधी दोन्ही संघांनी तसं ठरवलं असेल तरच चालतं. तेव्हा तुमच्या स्पर्धेच्या पत्रकात ती ओळ असू द्या.

गुहागरहून एक शिक्षिका : मे महिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात किनाऱ्यावर ‘जुन्या पद्धतीचा’ सामना ठेवायचा आहे. मापं आणि नियम सविस्तर द्याल का?

देतो, पण आधी एक वर्ष ठरवा. १७४४ आणि १७७४ चे नियम एकत्र केले की मैदानात वाद होणारच. आमची शिफारस १७४४ ची, कारण ते सर्वांत जुने लिखित नियम आणि सर्वांत सोपेही.

खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट किंवा २०.१२ मीटर. टेप नसेल तर दीड फुटाचा एक हात धरून बरोबर ४४ हात. फलंदाजाची रेषा यष्ट्यांपुढे ३ फूट १० इंच (११७ सेंटिमीटर). आज ती चार फुटांवर असते, म्हणून मुलं सवयीने तिथे आखतात, मोजूनच आखा. दोन्ही टोकांना दोन-दोन दांड्या, जमिनीवर उंची ५६ सेंटिमीटर, वर १५ सेंटिमीटरची एकच बेल. चेंडू ५ ते ६ औंस, म्हणजे १४२ ते १७० ग्रॅम. तेव्हा पायाला पॅड नव्हते आणि यष्टिरक्षकाच्या हातात मोजेही नव्हते. तुमचे माजी विद्यार्थी चाळिशीचे असतील तर टेनिस चेंडू वापरा. इतिहास थोडा बिघडेल, नडगी वाचेल.

नाणेफेक जिंकणाऱ्याने फलंदाजी ठरवायची. दोन पंच आणि त्यांचा शब्द अखेरचा. एक बाद झाल्यावर पुढच्याने दोन मिनिटांत यायचं आणि दोन डावांमध्ये दहा मिनिटांची विश्रांती, ही तरतूद त्या नियमांतच आहे. पायचीत अजिबात नाही. तो १७७४ मध्ये आला, आणि तेव्हाही चेंडू अडवायच्या ‘हेतूने’ पाय घातला असेल तरच. हेतू ओळखायचं काम कोणत्या पंचाला जमलं असेल, देव जाणे. १७८८ च्या नियमांत ती अट काढून टाकली.

आता किनाऱ्याचं. सुक्या वाळूत दांड्या उभ्या राहत नाहीत आणि चेंडू मरतो, म्हणून ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळूच हवी. भरतीचा ठोकताळा तुमच्याकडच्या कोळ्यांना पाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास, आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. सकाळचा सामना हवा तर तृतीया किंवा चतुर्थी धरा, शुद्ध असो वा वद्य. तृतीयेची भरती सव्वादोनच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या आसपास. चतुर्थीला ती नऊच्या सुमाराला. सातला सुरुवात केली तर पाणी परत फिरेपर्यंत दोन डाव सहज होतात. अष्टमी घेऊ नका. ओहोटी ऐन बाराला येते आणि भांगाचं पाणी फारसं मागेही हटत नाही.

सकाळच धरायला दुसरंही कारण आहे. एकट्या बेलला दोनच टोकांचा आधार असतो. अकरानंतर खारा वारा सुटला की ती आपोआप पडते आणि फलंदाज-पंच जुंपतात. दांड्यांच्या माथ्यावर कानशीने उथळ खाच पाडा, जेमतेम तीन-चार मिलिमीटर. खोल खाच पाडलीत तर चेंडू लागूनही बेल पडणार नाही.

खेळपट्टी पाण्याच्या रेषेला समांतर आखा. उभी आखली तर एका टोकाचा गोलंदाज उतारावर टाकतो आणि त्याचा चेंडू घसरत खाली राहतो. लंपी नेमकी अशीच उताराची जागा शोधायचा. १७७४ च्या नियमांनी पाहुण्या संघाला जागा निवडायचा हक्क दिला होता, त्यामुळे त्याला तसं करताही यायचं. तुमच्याकडे पाहुणा संघच नाही, तेव्हा वाद टाळा.

धावा वहीत लिहू नका. चिव्याची (बारीक बांबूची) काठी घ्या, प्रत्येक धावेला सुरीने एक खाच आणि दर दहावी खाच खोल. धावेला तेव्हा ‘खाच’च म्हणत. दोन गुणलेखक, दोन काठ्या; प्रत्येक गडी बाद झाल्यावर ताडून पाहायच्या. शेवटी ताडायला गेलात तर चूक सापडत नाही.

आणि मोठ्या धावसंख्येची वाट पाहू नका. १७४४ मध्ये केंटविरुद्ध इंग्लंड या गाजलेल्या सामन्यात इंग्लंडच्या ४० आणि ७० झाल्या, केंटच्या ५३ आणि ९ बाद ५८. केंट एक गडी राखून जिंकलं. दोन दिग्गज संघांच्या चार डावांत मिळून २२१ धावा.

मालवणहून एक सुतार : जुन्या वळणाची बॅट करून मागितली आहे. लाकूड कोणतं आणि माप काय?

इंग्लंडात विलो वापरतात, तो इथे मिळायचा नाही. शिवणीचं लाकूड घ्या. हलकी असते आणि सहसा पिळत नाही. आंबा जड पडतो.

खरी मेख वळणात आहे. सरळ फळीतून करवतीने वळण कापलंत तर तिथे रेषा आडव्या तुटतात आणि पाच-दहा फटक्यांत बॅट नेमकी तिथेच मोडते. नैसर्गिक वाक असलेली फांदी शोधा, म्हणजे रेषा वळणाबरोबर वळतील. फांदी ओली असेल तर सावलीत वाळवा, टोकांना मेण किंवा रंग लावून. नाहीतर टोकं आधी सुकून चिरा आत धावतात. लांबीला त्या काळी बंधन नव्हतं, एक मीटरच्या आतबाहेर चालेल. वजन तळाशी ठेवा. मूठ आणि पातं एकाच लाकडाचं, जोड नाही. वेगळी मूठ बसवायची पद्धत नंतरची. मुठीला काथ्या गुंडाळू नका, हात सोलतो. सुती दोरी बरी.

रुंदी मात्र सव्वाचार इंचांच्या (१०.८ सेंटिमीटर) पुढे जाऊ देऊ नका. १७७१ मध्ये चर्टसी संघाचा टॉमस व्हाइट हॅम्बल्डनविरुद्ध दोन्ही यष्ट्या झाकतील इतकी रुंद बॅट घेऊन उतरला. नियमात रुंदीचा शब्दच नव्हता, त्यामुळे त्याला अडवणार कसं? हॅम्बल्डनने सामना एका धावेने जिंकला, तरी दोनच दिवसांनी लेखी निषेध नोंदवून सव्वाचार इंचांची मर्यादा मागितली. ती १७७४ च्या नियमांत आली आणि अजून तशीच आहे. हॅम्बल्डनवाल्यांनी बॅट तपासायला लोखंडी चौकटही केली होती, असं सांगतात. तुम्ही पत्र्याची करा. बॅट तिच्यातून सरकली तर ठीक, अडकली तर रंधा.

रत्नागिरीहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी : लंपी इतका मोठा गोलंदाज, मग जुन्या धावफलकांत त्याच्या नावावर बळी इतके कमी कसे?

कारण तेव्हा झेल गेला की नोंद फक्त झेल घेणाऱ्याची व्हायची, गोलंदाजाचं नावही नसायचं. त्याच्या खात्यावर फक्त त्रिफळा. बऱ्याच सामन्यांत तर बाद कसा झाला याचीही नोंद नाही. त्या काळच्या गोलंदाजांची सरासरी काढायचा नाद सोडा.

रेवदंड्याहून एक वाचक : आंग्र्यांशी लढायला आलेल्या इंग्रजांनीच हिंदुस्थानात पहिलं क्रिकेट खेळलं, हे खरं का?

बरंचसं खरं, फक्त जागा कोकण नव्हे. नोंद क्लेमंट डाउनिंग या खलाशाची. कान्होजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांवर त्याने पुस्तक लिहिलं, ते १७३७ मध्ये छापलं गेलं. त्यात तो सांगतो की १७२१ मध्ये खंबायतच्या आखातात त्यांचं जहाज पंधरा दिवस थांबलं होतं, आसपास कोळ्यांची वस्ती होती, आणि ते रोज क्रिकेट खेळून मन रमवत. हिंदुस्थानातल्या क्रिकेटचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख. त्याच वर्षाच्या अखेरीस तुमच्या शेजारच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. तिथे ते क्रिकेट खेळल्याची नोंद नाही.

देवगडहून एक वाचक : बायका खेळत होत्या का?

होत्या. २६ जुलै १७४५ ला सरे परगण्यातल्या गॉस्डेन कॉमनवर ब्रॅम्ली आणि हॅम्बल्टन या दोन गावांच्या मुलींचा सामना झाला. हॅम्बल्टनच्या १२७ खाचा, ब्रॅम्लीच्या ११९. (हे हॅम्बल्टन वेगळं, वरचं हॅम्बल्डन हॅम्पशायरमधलं.) या आकड्यांशेजारी वरचे १७४४ चे आकडे ठेवून पाहा.