पुणे ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आणि खरा वेळ किती? आई-बाबा मे मध्ये जाणारेत, तिकिटावर रात्री 1 ला सुटून त्याच दिवशी सकाळी 7:30 ला पोहोचतं असं दिसतंय

साडेसहा तास नाही हो, 16 तास. तिकिटावर दोन्हीकडची वेळ तिथल्या तिथल्या घड्याळाची असते. मे मध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथे सकाळचे साडेसात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे 5, आता रात्री 1 पासून मोजा. (हिवाळ्यात तिकडची घड्याळं बदलतात मग फरक साडेदहा तासांचा होतो, आपली बदलत नाहीत.)

अंतर म्हणाल तर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण 12,500 किमी. मुंबई अशासाठी की पुण्याहून तिकडे थेट विमान नाही, लोहगावचा रनवे अडीच किलोमीटरच्या आसपास आहे आणि एवढ्या लांबच्या प्रवासाचं इंधन भरलेलं मोठं विमान उठायला तो पुरत नाही. आता ताशी 900 ने भागलं तर 14 तास येतात, पण जाताना वरचे वारे समोरून लागतात. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारी जेट स्ट्रीम असते, जाताना ती अडवते आणि येताना तीच मागून ढकलते, म्हणून परतीचा प्रवास चक्क दीड-दोन तासांनी कमी भरतो. त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडायला लागला.

पण आई-बाबांसाठी मी 16 धरणारच नाही, घराचं कुलूप लावल्यापासून मोजेन. रात्री 1 चं विमान म्हणजे 10 पर्यंत टर्मिनल 2 ला पोहोचायला हवं, एक्सप्रेसवेवर घाटात कधी अडकायला होईल सांगता येत नाही आणि पुढे मुंबईचं ट्रॅफिक, तेव्हा पुण्यातून 4 ला गाडी काढा, शुक्रवार असेल तर अजून आधी. तिकडे इमिग्रेशनची रांग, बॅगा, सगळं धरून 26 तास होतात, ते पण थेट विमान असेल तर. आत्ताच व्हीलचेअर सांगून ठेवा, चालता येत असलं तरी, एकट्याने एवढ्या मोठ्या एअरपोर्टवर फॉर्म आणि गेट शोधत फिरायला नको त्यांना. बीपीच्या वगैरे गोळ्या हँडबॅगेतच, आणि कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या ते डॉक्टरांना आधी विचारा.

आणि तारीख!! तिकिटावर 14 तारीख रात्री 1 असेल तर घरून 13 ला दुपारी निघायचंय. कॅब बुक करताना 13 च टाका, कॅलेंडरवर पण 13 लाच गोल करा आणि त्यांना फोनवर "तेराला दुपारी चार" एवढंच सांगा.