पगाराविना काम: मला मोडी कशी सापडली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सोडून दोन वर्षं झाली, घर यजमानांच्या पगारावर नीट चाललंय, पुन्हा नोकरी करायची नाही. पण दिवस रिकामा जातो आणि "सध्या काय करतेस?" याला उत्तर सुचत नाही. पगार नसला तरी आपलं म्हणावं असं काम कसं शोधायचं?

मी 46व्या वर्षी हिशेबनिसाची नोकरी सोडली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून. त्या गेल्यावर दीड वर्ष मी तुमच्यासारखीच चाचपडत होते. भजनी मंडळात गेले, वाचनालयाच्या समितीवर गेले, सोसायटीचे हिशेब लिहिले. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण एखाद्या दिवशी मी गेले नाही तर कुणाचं काही अडत नव्हतं, ते मनाला लागायचं.

मग सासूबाईंची ट्रंक आवरताना एक घडी घातलेला कागद सापडला. मोडी लिपीतला. घरात कुणालाच वाचता येईना. शाळांमधून मोडी 1950च्या दशकात गेली, म्हणजे ती वाचणारी पिढीही सरत आलेली. पुराभिलेख संचालनालय, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणारं सरकारी खातं, मोडीचे वर्ग भरवतं, परीक्षाही घेतं. तसा एक वर्ग मी लावला.

अक्षरं आठवड्यात येतात, वाचन येत नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायची, अशी रीत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडायचा ते तुम्हीच ठरवायचं. तारखा तर आणखी वेगळ्या. "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे अरबी आकड्यांत सात, सत्तर, शंभर आणि हजार; जुन्या कागदांवरच्या शुहूर सन या कालगणनेतलं 1177. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1776 येतं. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा कागद असेल तर 600 मिळवायचे. हिशेबनिसाला हे आवडणारच! पहिले आठ महिने मी रोज सकाळी दोन तास बसायचे आणि कधीकधी दोनच ओळी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरायच्या. सराईतपणे वाचता यायला दोन वर्षं लागली.

हे इतकं सांगते, कारण तुम्ही बहुधा असं काम शोधताय जे पहिल्याच दिवशी मनाला भिडेल. माझं तसं झालं नाही. आधी हात बसला, मग लोक कागद घेऊन यायला लागले, आणि मग मला ते काम माझं वाटलं.

भोर तालुक्यातले एक आजोबा आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद, चार घड्यांवर फाटलेला. छत्रपतींनी दिलेलं इनामपत्र आहे असं घरात तीन पिढ्या सांगत आलेले. मी वाचायला घेतला तर तो इंग्रजी अमदानीतला, स्टँपावरचा कर्जरोखा निघाला, शके 1819 चा, म्हणजे 1897. आदल्याच वर्षी दुष्काळ पडलेला. साठ रुपये, बैलजोडी गहाण. लिहून देणार एक बाई, "कोम" अमुक, म्हणजे अमक्याची बायको, नवरा मयत. खाली "निशाणी बांगडीची". लिहिता न येणाऱ्या बाईची सही म्हणजे कागदावर काढलेली बांगडी, जशी शेतकऱ्याची नांगर. ती त्यांची पणजी. घरात तिला सगळे नुसतं "थोरली" म्हणत, खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. इनाम नाही म्हटल्यावर आजोबा खट्टू होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त म्हटलं, "ते नाव परत वाचा, ताई." मी तीनदा वाचलं. मग त्यांनी त्या बांगडीवरून बोट फिरवलं.

2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कोतवाल बुकाच्या, गाव नमुना 14 च्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींच्या नकला घेऊन माणसं दारात. काही जण आर्जवानं म्हणायचे, "ताई, हे अक्षर असंही लागू शकतं ना?" मी तिथे ठाम राहिले. जे लिहिलंय तेच वाचायचं. लागत नसेल तर "अक्षर लागत नाही" असं लिहून द्यायचं. एका माणसाचं शिक्षण, नोकरी त्या अक्षरावर अवलंबून आहे हे कळतं, म्हणूनच ते ओढूनताणून लावता येत नाही.

पैशाचं सरळ सांगते. घरी आलेल्यांकडून मी घेत नाही. कुणी आंबेमोहोर तांदूळ आणून देतं, तो घेते. हे मला परवडतं ते यजमानांच्या पेन्शनमुळे, आणि तुमच्या घरीही तशी सोय आहे म्हणूनच हे सुचवते. ज्यांचं घर त्यांच्याच पगारावर चालतं त्यांनी रविवारचे दोन तास काढावेत, नोकरी सोडू नये.

मोडीच शिका असा आग्रह नाही. पण पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 मध्ये त्यातून निवडून 45 खंड छापले, तरी तो एक कोपराच. गावोगावच्या ट्रंकांची तर मोजदादच नाही. माणसं कमी पडतायत.

पुढच्या वेळी माहेरी गेलात की माळ्यावर बघा. मोडीतला कागद निघालाच तर घडी हलक्या हातानं उघडा, उन्हात ठेवू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. शाई आणि कागद दोन्ही जातात. सरळ उजेडात फोटो काढा आणि पहिल्या ओळीतलं एक तरी अक्षर लागतंय का पाहा. नाही लागलं तर मला विचारा.