गुलबदनचा माग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

अकबराची आत्या गुलबदन बेगम हिच्या हजयात्रेबद्दल तिचं स्वतःचं एक वाक्यही मिळत नाही, तर विषय बदलू का, असं तू विचारलंयस. तुझ्या वयाची असताना मी तिचा ‘हुमायूननामा’, म्हणजे भाऊ हुमायूनबद्दलच्या तिच्या आठवणी, वाचत होते, आता समुद्र येईल, मग येईल, अशी वाट पाहत. हस्तलिखित तिचा सावत्र भाऊ कामरान याचे डोळे फोडल्याच्या प्रसंगानंतर अर्ध्या वाक्यात तुटतं. त्या रात्री मला खरंच रडू आलं होतं. तरीही सांगते, विषय सोडू नकोस. तिची वाट ज्यांनी अडवली त्यांची दप्तरं उघड.

१५७५मध्ये पन्नाशी उलटलेली ही बाई फतेहपूर सिक्रीहून निघाली. सोबत अकबराची बेगम सलीमा सुलतान आणि घरातल्या आणखी स्त्रिया होत्या. सुरतेत जवळपास वर्ष गेलं, कारण पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे कार्ताज, हाती नसताना जहाज सोडणं धोक्याचं होतं. त्या कागदावर येशू-मरियमची चित्रं असत. एवढ्यासाठी हज टाळलेलाच बरा, असं म्हणणारे उलेमाही दरबारात होते. परवान्यासाठी बेगमनं दमणजवळचं एक गाव पोर्तुगिजांना दिल्याचं मोन्सेरात हा जेझुइट पाद्री लिहितो. एका प्रवासाची किंमत एक गाव! या नोंदीवर घाई करू नकोस. फारसी तुला येतेच, आता पोर्तुगीज शिकायला लाग. पणजीचं पुराभिलेखागार काही फार लांब नाही.

मक्केत त्यांनी चार हज केले, मुक्त हातानं दानधर्म केला. मग मक्केवर सत्ता असलेल्या उस्मानी (ऑटोमन) सुलतान मुराद तिसऱ्याची फर्मानं सुटली: गर्दी वाढते आहे, या बायकांना परत पाठवा. माझ्या मते त्याला गर्दीपेक्षा अकबराचं नाव तिथे दुमदुमणं जास्त खुपलं. तू स्वतः वाचून ठरव. पण बघ, त्या तिथे होत्या, वर्षानुवर्षं राहिल्या, लोक त्यांच्याभोवती जमत होते, हे आपल्याला त्यांना घालवून देणाऱ्या हुकमातूनही कळतं.

परतताना एडनपाशी जहाज फुटलं, त्या कित्येक महिने अडकून पडल्या आणि १५८२मध्ये घरी पोहोचल्या. या काळात स्वयंपाक करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या दासींची नावं कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी वहीत एक पान कोरं ठेव. एखादी नोंद सापडली तर लगेच लिहिता येईल.

दिवाळीत येशील तेव्हा सुरत ते जेद्दा नकाशा काढून आण. वाऱ्यांच्या महिन्यांसकट.

तुझी,
बाई