आमदारांचा पीए आणि मंडळीचा पाळक: दोन्ही जमतं का?

भाऊ, तू आमदारांचा पीए आहेस, आणि गावच्या चर्चची मंडळी म्हणतेय की उपदेश तर करतोसच, आता पाळकपणही (पास्टरचं काम) घे. मी दोन्ही केलंय. जमतं, पण डिसेंबरात पार दमछाक होते.

हिवाळी अधिवेशन नागपूरला. सभागृहातल्या लक्षवेधी सूचना, तारांकित प्रश्न, पाससाठी मतदारसंघातून आलेली माणसं. आणि त्याच दिवसांत इकडे कॅरलच्या फेऱ्या, नाताळच्या नाटकाची तालीम. २४ ची रात्र आणि २५ चा दिवस माझा नाही, हे साहेबांना नोव्हेंबरातच सांगून ठेव.

खरी अडचण मात्र चर्चच्या दारात आहे. उपासना सुटली की लोक 'जय ख्रिस्त' म्हणत हात मिळवतात आणि हळूच कागद सरकवतात. निराधारचा अर्ज, बदली, पांदण रस्ता. "साहेबाले एवढं सांगजा ना जी." तो कागद तिथे घेऊ नकोस. सोमवारी कार्यालयात बोलव आणि बाकीच्यांसोबत रांगेतच बसव. नाहीतर गाव म्हणणार, पीए आपल्याच लोकांची कामं करतो. त्यातून रस्ता झाला नाही, तर माणूस आमदारावर नाही, मंडळीवर रुसतो. रविवारी येणंच बंद करतो.

निवडणुकीत तर फारच जपून. १९८८ च्या कायद्यानुसार धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचाराला वापरू दिली, तर संस्था सांभाळणाऱ्यालाच पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धर्माच्या नावावर मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात मतदाराचा धर्मही धरला. म्हणजे साहेबांच्या संमतीने तू "आपल्या लोकांनी इकडेच मत द्या" म्हणालास, की त्यांची निवडच अडचणीत. मी आचारसंहिता लागली की निकालापर्यंत उपदेश दुसऱ्याकडे द्यायचो. काही वडीलधारे नाराज व्हायचे, होऊ दे.

दीक्षा घेऊन पूर्ण पाळक व्हायचं असेल तर सेमिनरी, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणारी संस्था, आली, आणि तेवढी वर्षं नोकरी सोडावी लागेल. युनियन बिब्लिकल सेमिनरी पूर्वी आपल्या यवतमाळलाच होती, आता पुण्याला आहे. तोवर रविवारचा उपदेश, आजाऱ्यांच्या भेटी एवढंच घे. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, दीक्षित पाळक बोलवा.

साहेबांना अजून बोलला नसशील तर याच आठवड्यात बोल. कार्यकर्त्यांकडून आधी कळलं तर ते त्याचा भलताच अर्थ लावून सांगतील.