संचकार (इसार) देण्याआधी: पहिल्या घराच्या कर्जाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हिंडलग्याच्या बाजूला ग्रामपंचायतीच्या हद्दीत ३० बाय ४०चा प्लॉट बघितला आहे. मालकाने नमुना ११-ब दाखवला. बँकेने तो कागद बघूनच कर्ज नाकारले. एजंट म्हणतो, "संचकार देऊन ठेवा, पतसंस्थेतून कर्ज काढून देतो." द्यावा का?

उत्तर: देऊ नका. बँकेने तुम्हाला नव्हे, त्या जागेला नकार दिला आहे, त्यामुळे पगार कितीही चांगला असला तरी उत्तर बदलणार नाही.

आपल्या कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या मिळकतीचे कागद ई-स्वत्तू या सरकारी पोर्टलवर निघतात. जागा गावठाणातली किंवा रीतसर एन.ए. (बिगरशेती) झालेल्या, मंजूर ले-आऊटमधली असेल तर नमुना ९ आणि ११-अ मिळतो. शेतजमीन एन.ए. न करताच गुंठ्यागुंठ्याने विकली असेल तर ११-ब. हा ११-ब म्हणजे घरपट्टी आकारण्यापुरती नोंद; त्याने जागा कायदेशीर होत नाही. हप्ते थकले तर बँकेला ती जागा लिलावात काढावी लागते, आणि अशा जागेला नियमातला गिऱ्हाईक मिळत नाही. बाँड पेपरवर घेतलेल्या प्लॉटची अवस्था याहून वाईट, कारण तिथे रजिस्टर खरेदीच नसते.

मालकाकडे तीन गोष्टी मागा: जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खालचा जिल्हाधिकाऱ्यांचा एन.ए. आदेश, मंजूर ले-आऊटचा नकाशा (बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, हद्दीत असेल तर बुडाचा), आणि ९ व ११-अ. "एन.ए. प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर धरू नका, आदेश हातात येऊ दे, मग बोला.

पतसंस्थेचे कर्ज मिळेलही. पण बँकांच्या बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधले आहे; पतसंस्थेला तो नियम नाही, तिथला दर तिचे संचालक ठरवतात. शिवाय पुढे ते कर्ज बँकेकडे वळवता येत नाही, आणि उद्या घर विकायचे म्हटले तर घेणाऱ्यालाही बँक दारात उभे करणार नाही.

दुसरी जागा बघाल तेव्हा नोंदणी खात्याकडून (कावेरी पोर्टल) ३० वर्षांची ई.सी., म्हणजे बोजा दाखला, काढा. व्यवहार असतील तर नमुना १५ येतो, नसतील तर १६. ई.सी.त फक्त रजिस्टर झालेले व्यवहार दिसतात, म्हणून मूळ शेताच्या उताऱ्यातला ११ नंबरचा कॉलमही बघा. सोसायटीच्या शेतीकर्जाचा बोजा तिथे सापडतो. हे सगळे कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर कन्नड येणाऱ्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून सर्व्हे नंबर, हिस्सा, चतु:सीमा आणि नावे एकेक ओळ वाचून घ्या. आधारवर "गणपती" आणि खरेदीपत्रात "गणपतराव", एवढ्यावरही फाईल अडते. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाची आणि मूल्यांकनाची फी सहसा परत येत नाही, तेव्हा फाईल लावण्याआधी झेरॉक्स बँकेच्या यादीतल्या वकिलाला दाखवून घेणे स्वस्त पडते. संचकार चेकनेच द्या, आणि "बँकेच्या वकिलाचा अहवाल प्रतिकूल आल्यास रक्कम १५ दिवसांत परत" ही ओळ करारात घाला.

प्रश्न: निपाणीत २८ लाखांचे जुने घर घ्यायचे आहे. हातात पगार ४२,०००. गाडीच्या कर्जाचा हप्ता ४,०००, त्याचे ६०,००० बाकी. जवळ ७ लाख आहेत. जमेल का?

उत्तर: जमेल, पण ओढाताण होईल. आधी गाडीचे कर्ज फेडा.

बँक साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून चालवून घेते, म्हणजे २१,०००. दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षे धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. गाडीचा हप्ता वजा करून उरलेल्या १७,००० वर साडेएकोणीस लाख मिळतील. तो हप्ता गेला की २४ लाख. ६०,००० ची बाकी तुमचे साडेचार लाखांचे कर्ज अडवून बसली आहे.

३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देण्याची रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. पण खरेदीची किंमत आणि बँकेच्या मूल्यांकनातली किंमत यांतली कमी असेल ती धरतात, आणि खरेदीचा खर्च कर्जात बसत नाही. तो असा: स्टँप ५ टक्के १,४०,०००, त्यावर सेस १४,००० आणि अधिभार २,८००, नोंदणी फी ५६,००० (ऑगस्ट २०२५ अखेरीस ती १ वरून २ टक्के झाली). एकूण २,१२,८००. चार लाख घराचे, हा खर्च आणि गाडीचे ६०,००० मिळून ६ लाख ७३ हजार होतात. वकील आणि बँकेच्या फीला जेमतेम २७,००० उरतात. म्हणून घासाघीस करून किंमत लाखभर उतरवता आली तर बघा, किंवा पत्नीची कमाई असेल तर तिला सहकर्जदार करा.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० साठीही अर्ज करा. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसेल, तर पाच वार्षिक हप्त्यांत मिळून १.८० लाखांपर्यंत व्याज सवलत मिळते.

सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बंधनकारक आहे. त्यात सगळी फी धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तिथेच एकरकमी विम्याचा प्रीमियमही दिसेल. ६०,००० चा प्रीमियम कर्जात मिसळला तर २० वर्षांत सव्वा लाख भरावे लागतात. विमा जरूर घ्या, पण वेगळा, टर्म प्लॅन. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही. वर्षाला एक हप्ता जास्त भरलात तर सुमारे साडेतीन वर्षे आधी सुटाल.

प्रश्न: खानापुरात दोन भाऊ वडिलोपार्जित घर विकत आहेत. तीन बहिणी कोल्हापूरकडे दिल्या आहेत. "बहिणींच्या सह्या लागत नाहीत" म्हणतात.

उत्तर: लागतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. घर वडिलांनी स्वतः कमावलेले असले आणि मृत्युपत्र नसले, तरी मुली आणि आई वारसच. २० डिसेंबर २००४ पूर्वीची रजिस्टर वाटणी असेल तर गोष्ट वेगळी. तिची प्रत मागा. नाहीतर वंशावळ घेऊन तिघींचे रजिस्टर हक्कसोडपत्र किंवा खरेदीपत्रावरच सह्या घ्या. एखादीला येणे जमत नसेल तर ती राहते तिथल्या सब-रजिस्ट्रारकडे प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र चालते. नोटरीचे या कामाला चालत नाही.