टेस्टोस्टेरॉन चालू केलं, थायरॉइडच्या गोळीचं काय?

प्रश्न: माझं वय ४८. थायरॉइड कमी आहे म्हणून बरीच वर्षं थायरॉक्सिन घेतोय. आता टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू झालीत आणि रिपोर्टमध्ये टोटल टी४ (रक्तातलं एकूण थायरॉइड हार्मोन) खाली आलाय, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) मात्र नॉर्मल. गोळी वाढवू का?

उत्तर: नाही हो, स्वतःहून अजिबात वाढवू नका! रक्तात थायरॉइड हार्मोन वाहून नेणारं एक प्रोटीन असतं, टीबीजी म्हणतात त्याला, टेस्टोस्टेरॉनमुळे ते कमी होतं, मग त्याला चिकटलेलं हार्मोनही कमी मोजलं जातं आणि टोटल टी४ पडलेला दिसतो, पण शरीराला खरंच वापरता येतं ते मोकळं हार्मोन बहुतेक वेळा ठीकच असतं. म्हणून टीएसएच आणि फ्री टी४, म्हणजे हेच मोकळं हार्मोन, बघायचे. उलट तुमच्यासारख्या गोळी घेणाऱ्यांना कधीकधी डोस कमी करावा लागतो. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं असं काही जाणवलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. नाहीतर इंजेक्शन सुरू झाल्यावर किंवा त्याचा डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

गोळी सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून ४ तास लांब. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान २ दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉइडचे आकडे साफ चुकू शकतात, हे लॅबवाले प्रत्येक वेळी विचारतीलच असं नाही. हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) त्याच रक्तात बघून घ्या, टेस्टोस्टेरॉनने तो वाढतो.